मुठीतले मणी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायला बसलो आणि आधी आठवली ती बाईंची मूठ. आम्ही दुसरीत होतो. बाईंनी टेबलावर तेरा मणी मांडले, ते आम्ही मोठ्याने मोजले. मग थोडे मुठीत घेऊन त्यांनी विचारलं, "बाहेर आठ उरले. मुठीत किती?" मी तेरापासून उलटं मोजू लागलो. शेजारचा मुलगा "नऊ, दहा, अकरा..." असं सुलटं मोजत गेला. दोघांचंही उत्तर पाच! बाईंनी मूठ उघडली, मणी आठांशेजारी सरकवले आणि फळ्यावर लिहिलं: ८ + ५ = १३, ५ + ८ = १३, १३ − ५ = ८, १३ − ८ = ५. "मणी तेच आहेत, प्रश्न तेवढा बदलला," इतकंच म्हणाल्या.

तोवर वजाबाकीची मला धास्तीच होती. ५२ − ३८ चं उत्तर मी २६ लिहायचो. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातूनच दोन काढून मोकळा व्हायचो. बाईंनी त्यावर फुली मारली नाही. "ताळा करून बघ," म्हणाल्या. २६ अधिक ३८, चौसष्ट झाले. बावन्न आलेच नाहीत, हे माझं मलाच दिसलं. मग अडतीसपासून चाळीसपर्यंत दोन, चाळीसपासून बावन्नपर्यंत बारा, असं पुढे जात जात चौदा मिळाले. वजाबाकी बेरजेने सुटली याचा तो आनंद मी विसरलेलो नाही.

आज मीही पहिली-दुसरीला शिकवतो. बेरीज पुरती संपवून मग महिन्याभराने वजाबाकी काढणं मला पटत नाही. दोन्ही एकाच दिवशी, त्याच मण्यांवर व्हायला हव्यात. आणि 'मिळाले म्हणजे अधिक, दिले म्हणजे वजा' अशी खूण तर मुलांना कधीच देऊ नये. "काही मणी होते, पाच दिले, आठ उरले. आधी किती होते?" या गणितात 'दिले' दिसताच मुलं आठातून पाच वजा करतात. तिथे शब्दाकडे नाही, सगळे मिळून किती आणि त्यातले भाग कोणते, याकडे बघावं लागतं.

असंच तीन उत्तर लिहिलेल्या एका मुलीसमोर मी परवा आठ मणी ठेवले आणि आणखी पाच मुठीत धरले. काही न बोलता तिने माझी बोटं एकेक करून उघडली, मणी आपल्याकडे ओढले, आणि तीन खोडून तेरा लिहिले.