स्वयंपाकघराच्या फरशीखालचा माल

आठ वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी, आमच्या हॉलमध्ये काहीतरी जड वस्तू पडल्यासारखा आवाज झाला. धावत जाऊन पाहिले, तर हॉलच्या मध्यावरच्या चार फरशा एकमेकींना टेकून तंबूसारख्या वर उठल्या होत्या. त्या उचलून पाहिल्यावर जे दिसले ते मी विसरलेले नाही : खालचा सिमेंटचा थर दगडासारखा शाबूत होता आणि फरशांची पाठ मात्र जवळजवळ कोरी होती. माल कमी पडला नव्हता, फरशीने तो धरलाच नव्हता.

यंदा नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या त्याच घरात स्वयंपाकघराची फरशी बदलायची वेळ आली, तेव्हा फरशीचा रंग ठरवण्याआधी मी तिच्याखाली काय जाणार याचा अभ्यास केला.

हॉलमध्ये घडले त्याचे कारण तिथल्या विट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारख्या घट्ट भाजलेल्या, टाइलच्या स्वभावात आहे. जुनी शहाबादी फरशी, मोझॅक किंवा साधी सिरॅमिक टाइल थोडेफार पाणी शोषते, आणि त्या पाण्याबरोबर सिमेंटचा रस तिच्या पाठीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून घट्ट होतो. विट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटला तिच्या पाठीत रुजायला जागाच मिळत नाही. टाइल चिकटवण्यासाठी मिळणाऱ्या तयार मालाच्या, म्हणजे अॅडहेसिव्हच्या, पोत्यातही मुख्यतः सिमेंट आणि बारीक वाळूच असते, परंतु त्यात दोन घटक अधिक असतात : गुळगुळीत पृष्ठभागालाही चिकटून राहणारी पॉलिमरची भुकटी, आणि माल लवकर सुकू नये म्हणून पाणी धरून ठेवणारा सेल्युलोजचा अंश. आमच्या हॉलमध्ये आणखी एक चूक झाली होती. फरशा सांधा न ठेवता एकमेकींना भिडवून बसवल्या होत्या आणि भिंतीलगतही फट सोडलेली नव्हती, त्यामुळे उन्हाळ्यात प्रसरण पावलेल्या फरशांना वर उठण्याखेरीज मार्ग उरला नाही.

मिस्त्री लोक अॅडहेसिव्हला ‘केमिकल’ म्हणतात. आमचे मिस्त्री हाताने अतिशय स्वच्छ काम करणारे आहेत, पण त्यांचेही पहिले म्हणणे असे होते, की ‘ताई, केमिकल कोणतंही आणा, लावणारा हात महत्त्वाचा.’ हाताचे महत्त्व मला मान्य आहे, मात्र ‘कोणतंही’ हा शब्द मान्य नाही. दुकानात बहुधा आधी कंपनीचे नाव आणि भाव यांवर बोलणे होते. माझ्या मते पहिला प्रश्न प्रकाराचा असला पाहिजे. आपल्याकडे यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे आणि त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत अॅडहेसिव्हचे पाच प्रकार केलेले आहेत. ढोबळमानाने सांगायचे, तर टाइप १ हा घरातल्या जमिनीवरच्या साध्या सिरॅमिक टाइलसाठी, टाइप २ हा विट्रिफाइड टाइलसाठी, टाइप ३ हा मोठ्या आकाराच्या टाइल, दगड आणि बाहेरच्या कामासाठी, टाइप ४ त्याहूनही कठीण परिस्थितीसाठी, तर टाइप ५ हा काच, धातू, लाकूड यांसारख्या पृष्ठभागांसाठी असतो. काही पोत्यांवर युरोपीय मानकाची सी १, सी २ अशी खूण असते. तीत सी २ ची पकड सी १ च्या दुप्पट अपेक्षित आहे. या खुणेपुढे टी असेल तर उभ्या भिंतीवर टाइल खाली घसरत नाही, आणि एस असेल तर तो माल थोडा लवचीक असतो.

आमच्या स्वयंपाकघरात प्रश्न टाइलपेक्षा खालच्या जमिनीचा होता. जुनी मोझॅक फोडली तर राडारोडा, धूळ आणि खालच्या नळांना धक्का लागण्याची भीती होती, म्हणून तिच्यावरच दोन बाय दोन फुटांची विट्रिफाइड टाइल बसवायचे ठरले. घरातली नवी जमीन असती तर टाइप २ पुरला असता. पण जुन्या मोझॅकचा घोटून गुळगुळीत झालेला वरचा पृष्ठभाग तिच्या पाठीसारखा पाणी शोषून मदत करत नाही, म्हणून पोत्यावर ‘टाइलवर टाइल’ असा स्पष्ट उल्लेख असलेला टाइप ३ चा माल मी निवडला. फरक पोत्यामागे काही शे रुपयांचा होता. हॉलची फरशी दुसऱ्यांदा बसवताना गेलेला पैसा मला आठवत असल्यामुळे त्यावर घासाघीस करण्याची इच्छा झाली नाही. मात्र चांगले अॅडहेसिव्हसुद्धा तेलकट थरावर टिकत नाही. गॅसच्या ओट्यासमोरची मोझॅक वर्षानुवर्षांच्या तेलाने चिकट झालेली होती. ती धुण्याच्या सोड्याने दोनदा धुतली, ग्राइंडरने खरवडून घेतली, आणि प्रत्येक तुकडा ठोकून पोकळ आवाजाचे तुकडे आधी काढून टाकले. नव्या टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते, तीही ओल्या फडक्याने पुसावी लागते, अन्यथा माल त्या भुकटीलाच चिकटतो.

प्रमाणाचा हिशेब घरीच करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीच्या थराला साधारण दीड किलो पावडर लागते. आमचे स्वयंपाकघर ११० चौरस फूट, म्हणजे सुमारे १० चौरस मीटर. थर चार मिलिमीटर धरला तर ६० किलोच्या आसपास माल, आणि नासधूस धरून २० किलोची चार पोती. मिस्त्रींची सवय टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यावर मालाचे लाडू ठेवून वरून दाबण्याची होती. तशाने लाडवांच्या मधली जागा पोकळ राहते, आणि कोपऱ्यावर पातेले पडले की तिथेच टाइल फुटते. मी १० मिलिमीटर दात्यांची थापी आणून दिली. माल जमिनीवर पसरून त्या थापीने एकाच दिशेने सऱ्या ओढायच्या, टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा, मग टाइल टेकवून सऱ्यांच्या आडव्या दिशेने किंचित हलवत दाबायची. पहिली टाइल बसवून लगेच उचलायला सांगितली तेव्हा जवळजवळ संपूर्ण पाठ मालाने भरलेली दिसली, आणि त्यानंतर मिस्त्रींनी लाडू केले नाहीत.

काम मार्चअखेरीस झाले आणि नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्याचा परिणाम तेव्हाच जाणवला. पसरलेल्या मालावर टाइल साधारण २० मिनिटांत टेकवायची असते, पण दुपारच्या गरम वाऱ्यात त्याहून बरेच आधी त्याच्यावर सुकी साय धरते. बोट लावून पाहावे. बोटाला माल लागला नाही तर तो खरवडून टाकावा, त्यावर पाणी शिंपडून जिवंत करण्याचा प्रयत्न करू नये. म्हणून आम्ही पंखा बंद ठेवला, सकाळीच काम उरकले आणि एका वेळी दोन टाइलपुरताच माल पसरला. पाणीही अंदाजाने न घालता पोत्यावर लिहिल्याप्रमाणे मोजून घातले, आणि एकदा कालवल्यावर पाच मिनिटे थांबून पुन्हा कालवले, कारण पॉलिमरला ओलावा घ्यायला तेवढा वेळ लागतो.

गच्चीवर टाइल लावायची असेल तर मी लवचीक प्रकारच घेईन, कारण तिथे दुपारचे ऊन आणि थंडीतल्या पहाटेचा गारठा यांमधला ताण फार असतो. पांढऱ्या संगमरवराला पांढरे अॅडहेसिव्ह लागते, नाहीतर करडा रंग वरून दिसतो. बाथरूममध्ये अॅडहेसिव्ह कितीही भारी असले तरी ते वॉटरप्रूफिंगची जागा घेत नाही. ते काम आधी आणि वेगळे करावे लागते.

आमच्या टाइलमध्ये सांधा सारखा राखणारे दोन मिलिमीटरचे स्पेसर ठेवले, भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाईल एवढी फट सोडली, आणि २४ तास कोणाला पाऊल ठेवू दिले नाही. दुसऱ्या दिवशी सांधे भरण्याआधी मी एका नाण्याने प्रत्येक टाइल ठोकत गेले. सिंकखालच्या एका टाइलचा कोपरा पोकळ वाजला. मिस्त्रींनी स्वतः वाकून तो आवाज दोनदा ऐकला, काही न बोलता ती टाइल काढली, खालचा माल खरवडला आणि उरलेल्या पोत्यातून नवा माल कालवायला घेतला.