आमची वाटचाल : हलगी, झांज आणि संगणकातला कन्सोल

सोलापुरात गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या आमच्या स्टुडिओत खरा ॲनालॉग कन्सोल, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळणारं मोठं विजेचं मिक्सिंग यंत्र, कधी नव्हता, आणि येणारही नाही. एसएसएल कंपनीच्या ४००० सारखं यंत्र ठेवायचं म्हणजे स्वतंत्र पॉवर सप्लाय, दिवसरात्र चालू वीज, त्याच्या उष्णतेसाठी एसी आणि ठरावीक वर्षांनी कपॅसिटर बदलायचं मोठं काम. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावात हा खर्च भक्तिगीतांच्या दरातून निघत नाही. म्हणून कन्सोलचा गुण प्लगइनमधूनच, म्हणजे संगणकातल्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममधूनच मिळवायचा, हे पहिल्यापासून ठरलेलं.

काम हंगामी. आषाढीआधी अभंग, नवरात्राआधी तुळजाभवानीची गाणी, जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी सिद्धेश्वरांची. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही. वाद्यं म्हणजे संबळ, हलगी, ढोलकी, झांज, तुणतुणं. सगळी टोकदार. नुसते ट्रॅक एकावर एक ठेवले तर प्रत्येक वाद्य वेगळं उभं राहतं, गाणं एकजीव होत नाही.

सुरुवात एअरविंडोज या प्लगइननिर्मात्याच्या मोफत ‘कन्सोल’ प्लगइनने केली. त्याचे दोन भाग असतात. चॅनेलचा भाग प्रत्येक ट्रॅकवर सर्वांत शेवटी, बसचा भाग मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, सर्वांत आधी. त्यातल्या एका प्रकारात चॅनेल आवाजाच्या लहरीवर साइनचं गणित लावतो आणि बस ते उलटं फिरवतो. एकच ट्रॅक वाजला तर काहीच बदलत नाही. अनेक ट्रॅक मिसळले की बेरीज साध्या बेरजेपेक्षा वेगळी येते. गंमत तिथेच आहे आणि घोळही तिथेच. फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) प्लगइनच्या नंतर लागतो, त्यामुळे तो हलवला की हे गणित मोडतं. फेडर शून्य डेसिबलवर, म्हणजे आवाज न वाढवता न घटवता ठेवायचे आणि पातळी चॅनेल प्लगइनच्या आधीच्या गेनने (आवाज वाढवण्याच्या नियंत्रणाने) लावायची. रीपर या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्री-एफएक्स (प्लगइनच्या आधीचा) व्हॉल्यूम आहे. रिव्हर्बच्या रिटर्नवरही (घुमाव परत येतो त्या ट्रॅकवरही) चॅनेल प्लगइन हवाच. हे बरेच जण विसरतात आणि मग प्लगइनला नावं ठेवतात.

पुढे नीव्ह आणि एसएसएल या कंपन्यांच्या यंत्रांच्या प्लगइनमधल्या नकला घेतल्या. १९७० मधल्या नीव्ह १०७३ या कन्सोलच्या चॅनेलमध्ये आवाज ट्रान्सफॉर्मरमधून आत येतो आणि ट्रान्सफॉर्मरमधूनच बाहेर जातो. फ्रीक्वेन्सी जितकी खालची तितका ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने लवकर भरतो, म्हणून विकृती आधी खर्जात येते, मुख्यतः तिसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या तिप्पट सुराची. आमच्या कामात याचा थेट फायदा होतो. संबळाचा घुमारा समजा ७० हर्ट्झला आहे. मोबाईलच्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. पण २१० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक तयार झाले की कान मूळ खर्ज स्वतःच भरून घेतो. आमची बहुतेक गाणी मोबाईलवरच ऐकली जातात.

१०७३ चा लो-कट, म्हणजे ठरावीक आकड्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर, ५०, ८०, १६० आणि ३०० हर्ट्झ एवढाच. गायकाला ८०, तुणतुण्याला १६०. गायकाचे शब्द मागे पडत असतील तर ३.२ किलोहर्ट्झला दोन डेसिबल वाढवायचे. मोजके आकडे असल्याने निर्णय पटकन होतात, आणि हाच या नकलांचा सर्वांत कमी बोलला जाणारा उपयोग आहे.

बहुतेक नकलांमध्ये व्हीयू या काट्याच्या मीटरचं शून्य म्हणजे उणे १८ डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल पातळीपासून मोजलेले डेसिबल) धरलेलं असतं. हार्मोनियम, गळा, तानपुरा यांना व्हीयू मीटर चालतं. हलगीला नाही. व्हीयूचा काटा सुमारे ३०० मिलिसेकंदांत चढतो, थाप त्याआधीच संपलेली असते. काटा शांत दिसतो म्हणून गेन वाढवला की थाप चेपते. हलगी आणि ढोलकी आम्ही पीकवर, म्हणजे क्षणिक कमाल पातळी बघून लावतो, उणे १० डीबीएफएसच्या आसपास.

झांजेने सर्वांत जास्त काम करायला लावलं. ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) त्याच्या निम्म्या, म्हणजे २४ च्या वरचं काही मावत नाही, प्लगइनने तिथे हार्मोनिक बनवले तर ते दुमडून खाली येतात. १० किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक ३० चा, तो १८ वर येतो. पाचवा ५० चा, तो थेट २ किलोहर्ट्झवर, म्हणजे गायकाच्या शब्दांवर येऊन बसतो. सुराशी नातं नसलेली ही खरखर नंतर कुठल्याच ईक्यूने (फ्रीक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करण्याने) निघत नाही. प्रत्येक नवीन प्लगइनची परीक्षा म्हणून आम्ही त्यातून १० किलोहर्ट्झचा साइन टोन पाठवतो, कृत्रिम हिस (जुन्या यंत्राची नक्कल म्हणून मुद्दाम घातलेली सूं-सूं) बंद करून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख बघतो. दहाच्या खाली काही उगवलं तर ते हार्मोनिक असूच शकत नाही. अशा वेळी चारपट ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे प्लगइनच्या आत चौपट नमुन्यांवर काम, लावायचं. संगणक दमत असेल तर ते फक्त रेंडरला, म्हणजे शेवटची फाइल काढताना लावावं. मात्र रेंडर झालेली फाइल पूर्ण ऐकल्याशिवाय पाठवू नये, कारण काही प्लगइनचा रंग त्याने थोडा बदलतो.

हिस तर कायम बंदच. सारख्याच पातळीची पण प्रत्येकाची स्वतंत्र हिस ४० चॅनेलवर ठेवली की बेरजेत ती एका चॅनेलपेक्षा १६ डेसिबलने वर येते. घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण आणि सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्यांत यंत्रमागांची खडखड असतेच. ती कन्सोलच्या आधी साफ करावी लागते, नाहीतर सॅच्युरेशन (कन्सोलची ती विकृती) तिचेही हार्मोनिक बनवून देतं.

मास्टरवर एसएसएलच्या बस कॉम्प्रेसरची, म्हणजे सगळ्या मिश्रणाचा मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्राची नक्कल : रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो, दाब दाखवणारा काटा दोन डेसिबलच्या पुढे नाही. अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ०.१ वर नेला की हलगीची थाप गेलीच. तुलना करताना प्लगइन चालू-बंदचा आवाज समान करून घ्यायचा. जरा मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं.

एसएसएल कन्सोलच्या टोटल रिकॉल या जुनी मांडणी परत आणायच्या सोयीत बटणांच्या जागा पडद्यावर दिसत, पण फिरवायला हातच लागत. आमचं सेशन आहे तसं उघडतं, म्हणून ‘झांज थोडी कमी करा’ हा निरोप गड्ड्याच्या आदल्या रात्री आला तरी चालतो. दोन दुरुस्त्या दरातच धरलेल्या असतात, तिसरीचे पैसे वेगळे. काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक प्लगइनसह आणि प्लगइनशिवाय, असा दोनदा २४ बिट वेव्हमध्ये काढून ठेवतो. लायसन्स संपलं किंवा प्लगइनची आवृत्ती बदलली तरी पुढच्या वर्षी त्याच गाण्याचा गायकाविना ट्रॅक मागणाऱ्याला तो देता येतो.