थंडीत शेततळ्यातल्या माशांना खाद्य किती टाकायचं? माझा अनुभव

निफाडची थंडी पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर उतरला की बातमी होते आणि आम्ही द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवायच्या तयारीला लागतो. थंडीत बाग कशी सांभाळायची हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. शेततळ्यातल्या माशांचं काय करायचं, हे मात्र विचारावं कोणाला?

आमचं तळं 30 बाय 30 मीटरचं, प्लॅस्टिक अंथरलेलं. पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प) अशी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. दिवाळीपर्यंत खाद्य पडलं की पाणी नुसतं उकळायचं. डिसेंबर लागला तसे मासे वर यायचे कमी झाले आणि तरंगत्या गोळ्या वाऱ्याने एका कोपऱ्यात जमून फुगायला लागल्या.

अण्णांचं म्हणणं वेगळंच. "थंडीत जनावराला वैरण वाढवावी लागते. मग मासा उपाशी का ठेवायचा?" प्रश्न रास्त होता. गाय-म्हैस अंग गरम ठेवायला जास्त खाते. माशाचं तसं नाही. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं अंग गार, आणि पचनही तेवढंच मंद. कटला-रोहूला साधारण 25 ते 32 अंशांचं पाणी मानवतं. 20 च्या खाली त्यांची भूक मोडते, 15 च्या आसपास तर ते जवळजवळ खातच नाहीत. सायप्रिनस तेवढा थंडीला काटक.

म्हणून आधी पाण्याचं तापमान बघायला लागलो, तेही खालच्या पाण्याचं. दुपारी वरचं वीतभर पाणी कोमट लागतं आणि माणूस फसतो. एका बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी. बाटली दीड मीटर खाली सोडायची, सुतळीला हिसका देऊन बूच काढायचं, बुडबुडे थांबले की बाटली वर ओढून लगेच थर्मामीटर बुडवायचा. कडाक्याच्या थंडीत सकाळी ते 16-17 भरायचं, दुपारनंतर 19-20.

पोत्यावरचा तक्ता माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के खाद्य सांगतो. पण तो उबदार पाण्याचा हिशोब आहे. आमच्याकडे अंदाजे सातशे मासे, सरासरी 300 ग्रॅमचे, म्हणजे 210 किलो. दोन टक्क्यांनी रोज चार किलोच्या वर खाद्य होतं. मी ते एक टक्क्यावर, दोन किलोवर आणलं आणि सकाळचा घास बंदच केला. दिवसातून एकदाच, बारा ते दोनच्या दरम्यान, ऊन असलेल्या बाजूला. सकाळचं पाणी 16 च्या खाली गेलं तर त्या दिवशी काहीच नाही. अण्णा कुरकुरले, पण दोन-चार दिवसांच्या उपासाने एवढा मासा मरत नाही. न खाल्लेलं खाद्य कुजलं तर मात्र मरू शकतो: अमोनिया वाढतो, ऑक्सिजन खर्ची पडतो. प्लॅस्टिकच्या तळ्यात तर तळाला मातीही नसते. सगळा बुळबुळीत थर तिथंच साचून राहतो.

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा भिजवून त्याचे गोळे मी जुन्या प्लॅस्टिकच्या पाटीत ठेवतो. पाटीला चार बाजूंनी दोऱ्या बांधून ती कडेला पाण्यात सोडायची आणि दीड-दोन तासांनी वर काढायची. पाटी साफ असेल तर उद्याही तेवढंच खाद्य, गोळा तसाच पडून असेल तर उद्या निम्मं. पेंड मात्र वास घेऊन भिजवा. बुरशी धरलेली पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आभाळ आलं की वाद नको, खाद्य बंद. शेवाळाला ऊन मिळालं नाही तर दिवसा तयार होणारा ऑक्सिजनच घटतो, मग माशाला पचवायला ताकद कुठून? आणि थंडीत उगाच जाळं फेकून वजनं घ्यायची हौसही नको. खवले निघाले की त्या जागी जखमा होतात, आणि अंगावर लाल चट्टे उठणारा रोग याच दिवसांत फैलावतो. एका खाद्य दुकानदाराने 'थंडी स्पेशल' म्हणून भूक वाढवायची पावडर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. गार पाण्यात भूक वाढवून करायचं काय, हे त्यालाही सांगता आलं नाही.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात. पाण्याला तेवढंही थांबावं लागलं नाही. खालचं पाणी सलग 22-23 दाखवायला लागल्यावर आठवडाभरात खाद्य थोडं थोडं वाढवत परत दोन टक्क्यांवर नेलं आणि सकाळचा घास सुरू केला. कटल्याने आधी अंग धरलं, मृगळ अजून मागे आहे. एप्रिलच्या छाटणीनंतर तळ्यातलं पाणी बागेला लागणार, त्याआधी मासे काढायचे आहेत.