अंधारात चढवलेला रोल

कृष्णधवल रोल स्वतः धुवायचा म्हटलं की लोक रसायनांना घाबरतात. मला कठीण गेला तो अंधार. डार्करूमचा लाल दिवा इथे चालत नाही. तो छपाईच्या कागदासाठी, कारण त्या कागदावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही. आजच्या बहुतेक फिल्म मात्र पॅनक्रोमॅटिक, लाल प्रकाशानेही काळ्या पडणाऱ्या. म्हणून फिल्म रिळावर गुंडाळून धुण्याच्या प्रकाशबंद टाकीत जाईपर्यंत, तिचं झाकण लागेपर्यंत मिट्ट काळोख हवा.

वाया गेलेल्या फिल्मवर मी आधी उजेडात सराव केला, मग डोळे मिटून. दिवा घालवण्यापूर्वी रीळ, मधली नळी, टाकी, झाकण आणि कात्री ठरल्या क्रमाने मांडून ठेवते, म्हणजे हात चाचपडत नाही. रीळ ठणठणीत कोरडं हवं, ओलसर रिळात फिल्म हमखास अडकते. फिल्मच्या टोकाचे कोपरे किंचित गोल कापले की ती सुरळीत शिरते. प्लास्टिकच्या रिळाच्या दोन बाजू आळीपाळीने पुढेमागे फिरवल्या की फिल्म आत ओढली जाते. ती हलकी करकर मला फार आवडते, कारण त्या वेळी सगळं ठीक चाललंय हे सांगणारं दुसरं काहीच नसतं. अडलं तर जोर लावायचा नाही. थोडं मागे घ्यायचं, पुन्हा चढवायचं.

झाकण लागलं की दिवा लावायचा. मग उरतं तापमान आणि घड्याळ. एचपी५ प्लस ही फिल्म तिच्या ठरलेल्या ४०० आयएसओलाच (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) टिपलेली असेल तर पाणी न मिसळलेल्या आयडी-११मध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये, २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटं. द्रावण गरम असेल तर वेळ कमी करावा लागतो, म्हणून बाटल्या पाण्याच्या टबात ठेवून डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर ही तिन्ही द्रावणं एका तापमानावर आणते. दर मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा सावकाश उलटी-सुलटी करायची आणि बुडबुडे सुटावेत म्हणून टेबलावर हलकेच आपटायची. हे न केलं तर फिल्मलगतचा डेव्हलपर थकतो, आणि फार जोराने केलं तर कडेच्या भोकांपाशी पट्टे उमटतात.

मग डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर. फिक्सरचा अंदाज कधीच घेऊ नये. कापलेलं टोक आधी उजेडातच त्यात बुडवायचं, ते पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागू लागला की तो निकामी समजायचा. त्यात विरघळलेली चांदी असते, म्हणून तो मोरीत ओतायचा नाही. धुण्यासाठी पाणी भरून पाच वेळा उलटसुलट, नवं पाणी घेऊन दहा, पुन्हा नव्या पाण्यात वीस. शेवटी पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वेटिंग एजंटचे थेंब, आणि खाली वजनाचा चिमटा लावून धूळ नसलेल्या जागी टांगायचं.

ओली निगेटिव्ह हातात आली की चित्रांआधी मी कडेची अक्षरं आणि आकडे बघते. ते कारखान्यातच टिपलेले असतात, त्यांच्यावर कॅमेऱ्याचा काही परिणाम नसतो. ते ठसठशीत आणि चित्रं मात्र फिकी असतील, तर प्रकाश कमी पडलाय. दोन्ही फिकं असेल तर डेव्हलपिंग कमी झालंय, आणि मग पुढच्या रोलआधी थर्मामीटर तपासायचा.