जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : आधी पेनड्राइव्हवरून, मग डिस्कवर

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा लॅपटॉप इंटेलच्या पाचव्या पिढीचा, आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे ती वाट बंद. यंत्र मात्र धडधाकट होतं, म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली.

निवडीत नवखा माणूस सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तो बहुतेक वाया जातो. लिनक्स वेगवेगळ्या नावांनी मिळतं. मी चार नावं समोर ठेवली. उबुंटूचा ग्नोम डेस्कटॉप (पडद्यावरची सगळी मांडणी) ४ जीबी रॅमवर ओढत चालतो. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला तेराएक महिनेच आधार मिळतो, त्यामुळे अपग्रेड सारखं मागे लागतं. सी-डॅकचं बॉस डेबियनवर उभं आहे आणि भारतीय भाषांची सोय त्यात आधीपासून आहे, पण अडल्यावर शोधायला गेलं की मिंटची उत्तरं कितीतरी जास्त सापडतात. लिनक्स मिंट २२ उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे आणि त्याला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. त्याचे तीन डेस्कटॉप : सिनॅमन, माटे, एक्सएफसीई. ८ जीबी रॅम असती तर सिनॅमन घेतलं असतं. ४ जीबीसाठी एक्सएफसीई.

आयएसओ फाइल (जिच्यातून लिनक्स बसवतात ती) ३ जीबीच्या आसपास असते, म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. तो पूर्ण पुसला जातो, आधी रिकामा करावा. उतरवलेली फाइल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' चालवलं की ६४ अक्षरांचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइलीचा ठसा, मिळतो. तो मिंटने दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या मधोमध दगा देते आणि माणूस दोष डिस्कला देत बसतो. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचं संकेतस्थळच फोडून डाउनलोडच्या दुव्यामागे चोरवाट घातलेली आयएसओ लावली गेली होती. आकडाही त्याच जागेवरून बदलला जाऊ शकतो, म्हणून जमलं तर सोबतची जीपीजी सहीसुद्धा (फाइल मिंटनेच दिल्याची डिजिटल खूण) तपासावी.

पेनड्राइव्ह रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने बूट होणारा केला : पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय, आणि विचारल्यावर आयएसओ मोड. डीडी मोडनेही चालतं, पण नंतर विंडोजमध्ये पेनड्राइव्ह भलत्याच छोट्या आकाराचा दिसतो आणि 'डिस्कपार्ट'ने साफ करावा लागतो.

विंडोजमध्ये असतानाच दोन गोष्टी केल्या. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असताना शटडाउन म्हणजे अर्धी झोप असते. लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) नुसतं वाचता येतं, कधी उघडतच नाही. दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. नव्या लॅपटॉपवर ते न विचारता चालू असू शकतं. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती जवळ नसेल तर डेटा गेला. की कागदावर लिहून ठेवावी. एन्क्रिप्ट केलेलं पार्टिशन इन्स्टॉलरला लहानही करता येत नाही.

मग लाईव्ह सत्र, म्हणजे डिस्कवर काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवणं. खरी निवड इथे होते, याद्या वाचून नाही. बूट मेनूची कळ बऱ्याच लॅपटॉपवर एफ १२, एचपीवर एफ ९. पडदा काळाच राहिला तर मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्यावा. मी अर्धा दिवस पेनड्राइव्हवरूनच काम केलं आणि वाय-फाय, आवाज, हेडफोन, वेबकॅम, ब्लूटूथ, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा असं एकेक तपासलं. झाकण मिटवून झोपवणं आणि परत जागं करणं ही परीक्षा लोक विसरतात, आणि जुन्या लॅपटॉपवर नेमकं तेच अडतं. या सत्रात वेग मोजू नये. तो पेनड्राइव्हचा वेग असतो. जतन केलेलंही बंद केल्यावर उरत नाही.

वाय-फाय दिसलं नाही. काही चिप्सचा ड्रायव्हर मुक्त नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि घ्यायला इंटरनेट लागतं. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सला ते वायरचं नेटवर्क वाटतं. त्यावरून ड्रायव्हर मॅनेजरने काम केलं.

जागा मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी केली, ६० जीबी. तिथली श्रिंक (पार्टिशन लहान करण्याची) आज्ञा कमी जागा देत असेल तर पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट मधे बसलेले असतात. ते तात्पुरते बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. इन्स्टॉलरमध्ये मल्टिमीडिया कोडेक्सवर खूण केली आणि 'इन्स्टॉल अलाँगसाइड' निवडलं. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोज आणि तुमच्या फाइली, सगळं गेलं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटच्या वेळी अडवणारी सोय) चालू असल्यामुळे इन्स्टॉलरने एक पासवर्ड ठरवायला लावला. पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल मॉक' (किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. पडदा काही सेकंदच थांबतो. तो हुकला तर बाहेरचा ड्रायव्हर चढत नाही आणि वाय-फाय पुन्हा गायब. मग 'मोकयुटिल'ने किल्ली परत नोंदवावी लागते.

सुरू झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (बिघडलं तर परत जाण्यासाठीची प्रत), अपडेटच्याही आधी. तो प्रणालीचा असतो, घरच्या फोल्डरचा नाही. फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळीच ठेवावी. फायरवॉल मुळात बंद असते, ती चालू केली.

विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल'ला 'सेट-लोकल-आरटीसी १' सांगितलं की दोघांचं जमतं.

मराठीसाठी इनपुट मेथडमधून आयबस आणि एम-१७-एन ही टायपिंगची साधनं घेतली. त्यात मराठी इनस्क्रिप्टही (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) आहे, फोनेटिकही. 'दऱ्या', 'सुऱ्या' लिहायला इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. जुन्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली लॅटिन अक्षरांचा गुंताळा दिसतात. तो लिनक्सचा दोष नाही, त्या युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

वेगाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो : फिरत्या डिस्कवर मिंटही संथच उघडतं. ती काढून २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी बसवल्यावर जो फरक पडला, तो कोणत्याही डेस्कटॉपच्या निवडीने पडला नसता. हा खर्च आधी करावा, म्हणजे इन्स्टॉलेशन एकदाच होतं.

विंडोज मी अजून ठेवलं आहे, डिजिटल सहीचं टोकन आणि एका जुन्या लेझर प्रिंटरसाठी. दोन्ही लाईव्ह सत्रात चालली नव्हती, म्हणून शेजारी इन्स्टॉल करण्याचा निर्णय तेव्हाच झाला होता.