उत्तर ‘नाही’ आलं तर?

नेदरलँड्समधल्या वागेनिंगनला येऊन मला दीड वर्ष होत आलं. ऱ्हाईनच्या काठचं हे लहानसं शहर शेती आणि पाण्याच्या शिक्षणासाठी ओळखलं जातं. एमएस्सीच्या शेवटी इथे 36 क्रेडिटचा थीसिस असतो. एक क्रेडिट म्हणजे 28 तास, म्हणजे एकूण हजारेक तासांचं, सहा महिन्यांचं काम. त्यातला पहिला महिना माझा नुसत्या प्रपोजलवर, म्हणजे काय शोधणार आणि कसं ते आधी लिहून देण्यावर गेला. घरून आई दर रविवारी विचारायची, “अजून सुरुवातच नाही का झाली?” झाली होती. माझ्या मते निम्मं काम त्याच महिन्यात झालं. इकडे यायच्या तयारीत असलेल्या काही जणांनी प्रपोजलबद्दल विचारलंय, म्हणून हे जरा सविस्तर.

माझा पहिला मसुदा 14 पानांचा होता. विषय, मराठवाड्यातलं भूजल, हवामान बदल आणि शेतकरी. मी लातूरची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या शहरात आली, तेव्हा मी शाळेत होते. ते दिवस डोळ्यांसमोर ठेवून जीव ओतून लिहिलं होतं. माझ्या गाइडबाईंनी (इथे प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात, ते माझ्या जिभेवर बसायला दोन महिने लागले) सगळी पानं वाचली आणि एकच विचारलं, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ते तुला कशावरून कळेल?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाऊस कमी झाला असता तरी माझं म्हणणं खरं ठरलं असतं, वाढला असता तरी खरंच ठरलं असतं. म्हणजे मी प्रश्न विचारलाच नव्हता, मनातलं दुःख मांडलं होतं. दुःख खरं होतं, पण त्यावर सहा महिने मोजमाप करता येत नाही.

मग मी मामाच्या शेतापासून सुरुवात केली. त्याच्याकडे शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यात सर्वांत मोठं माप 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. बाजूंना उतार धरून हिशोब केला तर ते सुमारे 22 लाख लिटर पाणी होतं. लातूरला 50 वाघिणींची जी रेल्वे यायची, तिच्यात सुमारे 25 लाख लिटर असायचं. एका तळ्यात जवळजवळ एक अख्खी रेल्वे! हा आकडा वहीत उतरवला तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले.

आमच्याकडे बरीच तळी पावसाने भरत नाहीत, विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरतात. जमिनीखाली झाकलेलं पाणी वर उन्हात येतं. दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी भरलेल्या तळ्यातून रोज 7,200 लिटर उडून जातं. प्रश्न इथे सापडला: असं भरलेलं तळं शेजारी असेल, तर तळं नसलेल्या शेतकऱ्याची विहीर लवकर तळ गाठते का? याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठतं. शेजारच्या दोन विहिरींचा एकमेकींशी काही संबंध नसणंही शक्य आहे.

पद्धत ठरवताना मात्र दोनदा मागे फिरावं लागलं. आधी वाटलं, सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, त्यावरूनच तळी किती भरली ते मोजू. पण त्या चित्रातला एक चौकोन 10 मीटरचा. 30 मीटरचं तळं त्या जाळीवर सरळ बसत नाही, त्यामुळे पूर्ण पाण्याचे जेमतेम चार चौकोन हाती लागतात, बाकी काठाची भेसळ. तळं कुठे आहे ते कळेल, किती भरलंय ते नाही. हे प्रपोजलमध्येच लिहून टाकलं आणि मापासाठी माणसांकडे वळले.

प्रश्नावली मामाला फोनवर वाचून दाखवली. “मामा, तुमची मोटार दिवसाला किती तास चालते?”

“लाईट हाय तवर चालतीय की. ऑटोवरच हाय ती.”

हा प्रश्न तिथेच बाद झाला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, मग तास कोण मोजणार? त्याऐवजी आता विचारणार आहे, या आठवड्यात दिवसाची लाईट होती की रात्रीची, आणि मोटार कधी ओढायची थांबली.

बोअरच्या खोलीचा प्रश्नही मी काढला. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. एखाद्याला खोली विचारणं म्हणजे त्याच्याकडून कबुलीजबाब घेण्यासारखं होईल, आणि माझ्या हजार तासांसाठी कुणाला अडचणीत टाकायचा मला हक्क नाही. नावांऐवजी क्रमांक आणि मराठीत संमतीपत्र, एवढं नक्की केलंय.

बाकी वेळापत्रक, खर्च, संदर्भ हे सगळं मागतात, ते नमुना पाहून जमतं. फक्त वेळापत्रकात आपले सणवार आणि पेरणी धरा. पेरणीच्या दिवसांत मुलाखतीला कोण बसणार?

शेवटी प्रपोजल चार पानांचं झालं आणि पास झालं. मामाने त्याआधीच काम सुरू केलं होतं. तळ्याच्या कागदावर त्याने हातभर अंतराने रंगाच्या रेघा मारल्यात. काल व्हॉट्सॲपवर वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आला: तारीख, ‘रात्रीची लाईट’, आणि खाली ‘तिसऱ्या रेघंला पानी’.