संडासात पाणी सोडायचाही कर!

इथलं, म्हणजे अमेरिकेतल्या मेरीलँडमधलं, पाण्याचं बिल नीट वाचलं आणि डोकंच फिरलं. 'बे रिस्टोरेशन फी' (खाडी सुधारण्याचं शुल्क) नावाची एक वेगळीच ओळ. शेजारी हसत म्हणाला, "अरे, तो फ्लश टॅक्स!" मेरीलँड राज्याने 2004 मध्ये तो बसवला, तेव्हा महिन्याला अडीच डॉलर. 2012 मध्ये बहुतेकांना दुप्पट. घरपट्टी भरा, पाणीपट्टी भरा आणि वर फ्लशचेही मोजा!

पैसे जातात कुठे ते तरी बघू, म्हणून गावच्या सांडपाणी केंद्राच्या ओपन डेला गेलो. गाव आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षाही लहान, पण त्याचं सांडपाणी शेवटी चेसापीकच्या खाडीत उतरतं. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस जास्त झालं की शेवाळ माजतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो आणि तिथले प्रसिद्ध निळे खेकडे गुदमरतात. म्हणून सुधारित केंद्रांसाठी लक्ष्य ठरलंय: लिटरमागे नायट्रोजन 3 मिलिग्रॅम, फॉस्फरस 0.3. जुन्या पद्धतीच्या केंद्रातून नायट्रोजन साधारण 18 मिलिग्रॅम बाहेर पडायचं.

चाळण्या, वाळू बसवायची टाकी वगैरे पटापट दाखवलं. (चाळणीत सगळ्यात जास्त अडकतात ओले वाइप्स, पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असतं, पंपांना ते कोण सांगणार?) मी रेंगाळलो ते एका काचेच्या उभ्या भांड्यापाशी. ऑपरेटर बाईंनी हवा सोडलेल्या टाकीतलं चॉकलेटी पाणी त्यात ओतलं आणि घड्याळ लावलं. अर्ध्या तासात गाळ खाली बसला, वर नितळ पाणी. गाळ म्हणजे जिवाणूच. काम सगळं तेच करतात. ऑक्सिजन मिळाला की अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि पुढच्या टाकीत ऑक्सिजन तोडला की त्याच नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. उरतो नायट्रोजन वायू, तो हवेत जातो. गाळ फुगलेला दिसला किंवा बसायला वेळ लागला, की बाईंना कळतं टाकीत काहीतरी बिनसलंय. मग त्या थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मला दाखवलं: देठावरची घंटेसारखी इवलीशी जनावरं, तोंडं उघडी टाकून बसलेली. "ही दिसली की मी निर्धास्त," म्हणाल्या. एवढ्या मन लावून कोणी मैला सांभाळताना मी आजवर पाहिलं नव्हतं.

घरी येताना मुळा-मुठा आठवणारच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालात आपल्या शहरांचं रोजचं सांडपाणी 72,368 दशलक्ष लिटर, त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होतं 20,236. पण लगेच मान खाली घालायचं कारण नाही. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी घरोघरी शोषखड्डे खणून गटारंच मिटवली, ती कुठल्या फ्लश टॅक्सशिवाय. आणि यांची पोटोमॅक नदीसुद्धा 1960 च्या दशकात घाणीने बदनामच होती की!

शिवाय चेसापीकमध्ये सगळ्यात जास्त नायट्रोजन येतं शेतीतून. माझ्या घरापासून थोडं पुढे गेलं की कोंबड्यांच्या लांबच लांब शेड लागतात. ती विष्ठा शेतात पडते, पावसाने ओढ्यात येते. त्या कोंबड्यांना कोण बिल पाठवतं? फ्लश टॅक्समधला काही हिस्सा उलट शेतकऱ्यांनाच हिवाळ्यात जमीन झाकणारी पिकं घ्यायला मिळतो. म्हणजे शेताचा खर्चही थोडाफार आमच्या संडासातूनच! पुढचं बिल आलंय. कुरकुर करत भरलं, पण त्या बाईंच्या पगाराला माझी काहीच हरकत नाही.